मेंदूचा फोटो आणि मेढ्याचे सुभेदार

साताऱ्याला चालले म्हटल्यावर अकोल्यात सगळ्यांनी कंदी पेढ्यांची ऑर्डर दिली. कशाला चालले हे सांगितल्यावर मात्र एकेकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मेंदूचे फोटो काढणाऱ्या डॉक्टरांबरोबर फिरायला," असं उत्तर आमच्या गल्लीत आजवर कोणी दिलं नव्हतं. शेजारच्या काकू तर आईला बाजूला घेऊन विचारून गेल्या, की पोरीला काही होतंय का म्हणून.

मला काही होत नव्हतं. डॉ. अनुराधा या मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्या आणि त्यांचे सहकारी काही वर्षांपासून सातारा-सांगलीकडच्या मुलांच्या मेंदूचे फोटो काढताहेत. तीच मुलं, पुन्हा पुन्हा, वाढत्या वयात. वाढताना मेंदू कसा बदलतो, आणि काहींना ऐन तारुण्यात मनाचा गंभीर आजार का गाठतो, याचा माग त्यांना काढायचाय. त्यासाठी आजारी माणसं लागतात, त्यांची धडधाकट भावंडं लागतात, आणि ज्यांच्या घरात असलं काहीच नाही अशीही मुलं लागतात. घरोघरी द्यायला साध्या मराठीत एक पत्रक हवं होतं. आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. फडताळातसुद्धा डब्यांखाली संपाची जुनी पत्रकं अंथरलेली असतात आणि मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. तेव्हा पत्रक म्हटलं की मला राहवत नाही. पण न पाहिलेल्या गोष्टीवर पत्रक काढायचं नाही हाही आमच्या घरचाच नियम. म्हणून मार्चच्या शेवटी निघाले.

रहिमतपूर

अनुराधाताईंची गाडी रफीकभाई चालवतात. ते रहिमतपूरचे. पहिला मुक्काम आपल्याच घरी, हे त्यांनी कोणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. त्यांचे थोरले भाऊ टेम्पोचे हूड शिवतात. अंगणात पाऊल टाकलं तर समोर प्लास्टिकच्या पाइपच्या कड्यांवर निळी ताडपत्री ताणून केलेला एक बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर आलेले दोन पाय.

ही म्हणे तालीम. मेंदूचा फोटो काढायचं खरं यंत्र सांगलीत आहे. त्याच्या अरुंद नळीत डोकं घालून बराच वेळ निपचित पडायचं असतं, आणि यंत्र तर कानाशी दगड फोडल्यासारखा आवाज करतं. पोरं घाबरतात, हलतात, फोटो बिघडतो. म्हणून गाडीच्या टपावर हा खोटा बोगदा बांधून गावोगाव न्यायचा, मोबाइलवर तो आवाज मोठ्याने लावायचा आणि पोरांना आत झोपवून सराव करून घ्यायचा. यंत्रात मोठं चुंबक असतं, त्यामुळे धातू चालत नाही. तेव्हा सरावालाही करगोटे, कडी, पट्टे काढून ठेवायचे. बायकांनी पदराच्या पिना काढल्या तेव्हा ताटलीत ढीग झाला.

रफीकभाईंच्या अम्मींना वाटलं, यात झोपलं की गुडघे बरे होतात. त्यांना कोणी समजावून सांगेपर्यंत त्या आत शिरल्याही होत्या, आणि बाहेर येऊन म्हणाल्या की बरंच हलकं वाटतंय. पुढे मग कोणी समजावलं नाही.

जेवायला आक्खा मसूर, भाकरी आणि खर्डा. खर्डा हा आमच्या ठेच्याचा सख्खा भाऊ, पण जास्त रागीट. "अकोल्याच्या उन्हात राहता, मग एवढ्यानं काय होतंय?" म्हणून रफीकभाईंनी वर आणखी वाढला. बाप्पा! ऊन आम्ही खात नाही हे त्यांना सांगायचं होतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

एक गोष्ट मात्र तिथंच खटकली. आमच्याकडे गावात डॉक्टर आला की लोक गोळ्या मागतात. इथे बोगद्यातून बाहेर आलेलं प्रत्येक पोर एकच विचारत होतं, "पास का?" अनुराधाताई प्रत्येकाला सांगत होत्या, की यात पास-नापास नसतं बाळा. ते ऐकून रफीकभाईंचा पुतण्या रडकुंडीला आला. त्याच्या आईने त्याला पोटाशी धरलं आणि शेजारणीला हळूच म्हणाली, "न्हाई सांगत म्हंजी नापास असंल."

आम्ही हसलो. हसायला नको होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

मेढा

मेढ्याकडे जाताना डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येत जातात, आणि सपाटीवर वाढलेल्या माझ्यासारखीला उगीच कोणीतरी खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटतं. खाली वेण्णेचं पाणी, वर उन्हाने पिवळे पडलेले उतार, मधल्या वाफ्यांत स्ट्रॉबेरीचा शेवटचा तोडा. सकाळी लोक मफलर गुंडाळून होते. मार्चअखेर! अकोल्यात त्या वेळी कूलरमध्ये पाणी भरायला सुरुवात होते.

मेढ्याच्या वरच्या अंगाला आम्हाला जायचं होतं ते गाव. जवळजवळ प्रत्येक घरात कोणी ना कोणी फौजेत. यात्रा तोंडावर आलेली, त्यामुळे सुट्टीवर आलेले जवान पारावर, दुकानात, सगळीकडे. घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर वर्दीतला फोटो ठरलेला. आणि ज्या घरातलं पोर मागच्या वर्षी सांगलीला जाऊन आलं होतं, तिथे त्या वर्दीच्या शेजारीच मेंदूचा फोटो! आठवण म्हणून अनुराधाताईंनी प्रत्येक मुलाला त्याच्या मेंदूचं एक चित्र छापून, प्लास्टिकमध्ये बंद करून दिलं होतं. कोपऱ्यात संस्थेचा गोल शिक्का. एका घरात तर त्या मेंदूला दसऱ्याचं गंध लावलेलं होतं, ते अजून पुसलं गेलं नव्हतं. मी खूश. विज्ञान घराघरांत पोचलंय, असं वहीत लिहूनही टाकलं.

मग आम्ही कोमलच्या घरी गेलो. कोमल एकोणीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी. वडील फौजेत हवालदार, पोस्टिंग लांब. घरात आई आणि थोरला भाऊ संदीप. संदीप साताऱ्याला शिकत असताना आजारी पडला. कानात माणसं बोलायला लागली, शेजारचे आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटायला लागलं. आता औषधं नियमित आहेत, आवाज बरेच मागे सरलेत, म्हशी आणि स्ट्रॉबेरी तो बघतो. बहीणभाऊ दोघेही या अभ्यासात आहेत.

भिंतीवर वर्दीतले हवालदार होते. शेजारी खिळा होता, फोटो नव्हता. संदीपचा फोटो कुठाय असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "गोठ्यात लावलाय. म्हशीला कळू दे, मालकाला डोकं हाय म्हणून."

कोमल मात्र आतल्या दारातून बाहेर येईना. यंदा मी येणार नाही, एवढंच आईकरवी सांगून पाठवलं. अनुराधाताई आत जाऊन तिच्याजवळ जमिनीवर बसल्या, मीही मागोमाग बसले, आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

मागच्या वर्षी यंत्रात असताना कोमलला शिंक आली होती. फोटो हलला. मोजमापाला थोडाफार चालला, पण छापून देण्यासारखा नव्हता. म्हणून तिला चित्र मिळालं नाही. अनुराधाताईंच्या लेखी ही बाब तिथंच संपली. गावाच्या लेखी तिथून सुरू झाली. इथल्या प्रत्येक घराने भरतीचं मेडिकल पाहिलंय. डॉक्टरने तपासलं की माणूस एक तर फिट नाही तर अनफिट. फिटला कागद मिळतो, अनफिटला बाजूला घेतात. सगळ्या पोरांना शिक्क्याचा कागद मिळाला, कोमलला नाही. त्यात ती संदीपची बहीण. आणखी काय सांगायला हवं होतं?

गावच्या माळावर निवृत्त सुभेदार आप्पा भरतीच्या पोरापोरींना पहाटे पळवतात, गोळा फेकायला शिकवतात, तेही फुकट. दिवाळीनंतर त्यांनी कोमलला सांगितलं, की तुझा कागद येईपर्यंत घरी थांब. ती थांबली. भरती तोंडावर आली तरी थांबलेलीच होती.

"आप्पांचं सोडा," कोमल म्हणाली. ती खाली बघून सतरंजीचा दोरा ओढत होती. "मला खरं सांगा. माझ्यात बी दादासारखं निघालंय, आन् तुमी सांगत न्हाई. व्हय ना?"

अनुराधाताई पन्नाशी ओलांडलेल्या, शांत स्वभावाच्या बाई आहेत. मग त्यांनी शिंकेची गोष्ट नीट सांगितली, दोनदा सांगितली. कोमलने ऐकून घेतली. विश्वास ठेवल्यासारखं काही दिसलं नाही. डॉक्टर पेशंटला धीर द्यायला खोटं बोलतात, हेही सगळ्यांना माहीत असतंच.

आम्ही सुभेदारांकडे गेलो. माझ्या डोक्यात तोवर वाफ कोंडली होती. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशांचे सुभेदार दारातच उभे. बसा म्हणाले, चहा सांगितला, मग बोलू म्हणाले. चहा येण्याआधीच मी बोलले. मुलींचा हक्क, मनाचा आजार म्हणजे पाप नव्हे, संविधान, सगळं आलं. ते सावधान बसून शेवटपर्यंत ऐकत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं. "आता च्या घ्या. गार झाला."

मग ते अनुराधाताईंकडे वळले. सूर साधा होता, अढी नव्हती. "डॉक्टरीणबाई, सगळ्या नोकरीत मी दोनच कागद बघितलं. फिट न्हाईतर अनफिट. तिसरा कागद बघितला न्हाई. उद्या पळताना पोरीला काय झालं, तर तिच्या बापाला काय सांगू?"

"हे मेडिकल नव्हतंच, आप्पा. हा अभ्यास आहे. यात आम्ही कोणाला पास-नापास करत नाही."

"मग पोरांस्नी फोटू कशाला दिला?"

"आठवण म्हणून."

"आठवण," ते म्हणाले. "शिक्का मारल्याली?"

मग तोडही त्यांनीच सुचवली. दोन ओळी लिहून द्या, कोमल फिट हाय म्हणून. उद्यापासून तिला पळवतो.

परत येताना गाडीत भांडण झालं. रफीकभाईंचं म्हणणं, दोन ओळींनी पोरीचं भलं होत असेल तर लिहायला काय जातंय. माझं म्हणणं, खोट्या कागदाला खोट्या कागदाने उत्तर द्यायचं नाही. "तुमचं बरंय ताई," रफीकभाई म्हणाले, "तुमाला पळायचं न्हाई भरतीत." हे लागलं. अनुराधाताई खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, की लिहिलं तर उद्या शेजारची पोरगी मागेल, परवा तिसऱ्या घरची. ज्यांना देणार नाही ते सगळे आपोआप अनफिट. "आणि संदीपला काय लिहून देऊ?"

संध्याकाळी कोमलच्या अंगणात आम्ही स्ट्रॉबेरी निवडत बसलो होतो, तेव्हा अनुराधाताईंनी हे सगळं त्या तिघांना आहे तसं सांगून टाकलं. मोठी फळं एका पाटीत, बारकी दुसऱ्या पाटीत. संदीप बारकी फळं परस्पर तोंडात टाकत होता.

"मला अनफिट लिवा की," तो म्हणाला. "म्हशीचं दूध काढाय मेडिकल लागत न्हाई." मग आणखी एक फळ तोंडात टाकून म्हणाला, "एक करा. गावातल्या समद्या पोरांचे फोटू गोळा करा. नावं झाका. त्यात माझा बी घाला. आन् आप्पांस्नी म्हणावं, संदीपचा काढून दावा. माझं येड फोटूत दिसतंय का ते तरी बघू."

त्याच्या आईने कपाळाला हात लावला. अनुराधाताईंनी ठाम नकार दिला. तो शब्द त्यांना चालत नाही, आणि कोणाच्या आजाराची चावडी करणं तर मुळीच चालत नाही.

"आवं ताई, गावाला ठावं न्हाई असं काय ऱ्हायलंय? पाळत ठेवत्यात म्हणायचो, तवा समदी ठेवीतच व्हती की." आम्हाला हसावं की नाही ते कळेना, तो स्वतःच हसला. मग म्हणाला, "डोकं माझं हाय. तुमी नुसता फोटू काढलाय."

अनुराधाताईंनी त्याला पुन्हा विचारलं, एकट्याला बाजूला नेऊनही विचारलं. तो ठाम होता. तेव्हा त्यांनी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता माळावर गेलो. पोरं धावून घामाघूम झालेली, सुट्टीवरचे काही जवान, दोनचार आयाबाया. ज्याने त्याने आपापल्या घरचे फोटो आणले होते. शिक्क्यावर आणि नावावर चिकटपट्टी लावली, गंध पुसलं. संदीपचा गोठ्यातून आला होता, तो धुऊन घ्यावा लागला. गठ्ठा जरा मोठा दिसावा म्हणून अनुराधाताईंनी मुलांना दाखवायला जवळ ठेवलेला स्वतःच्या मेंदूचा फोटोही त्यात सारला. पोरांनी पत्त्यासारखे पिसले आणि बाजेवर मांडले.

कोमल माळाच्या कडेला, बांधावर उभी होती. अनवाणी.

"संदीपचा ह्यात हाय न्हवं?" सुभेदारांनी चष्मा लावला. "मग घावतोय."

हात पाठीमागे बांधून ते बाजेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, परेडची रांग तपासावी तसे. वाकून बघायचे, सरळ व्हायचे, पुढे जायचे. एक फोटो उचलून उजेडात धरला, परत ठेवला. संदीप बाजेच्या पायाशी उकिडवा बसून गवताची काडी चावत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. माझ्याच्याने बघवेना. हे थांबवावं असं मला वाटायला लागलं. सापडला तर?

सुभेदार थांबले. एका फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. "ह्यो. बगा कसा सुकलाय. कडंनं फटी पडल्यात. बाकीच्यांचा कसा भरल्याला हाय. ह्यो संदीप."

अनुराधाताईंनी तो उचलला, चिकटपट्टी सोलली आणि नाव त्यांच्यापुढे धरलं.

"हा माझा आहे, आप्पा."

पहिल्यांदा संदीप हसला. मग सगळा माळ हसला, जवान तर पोट धरून. सुभेदारांनी नाव दोनदा वाचलं. अनुराधाताई म्हणाल्या, की आप्पांनी पाहिलं ते बरोबरच आहे, पन्नाशीनंतर सगळ्यांचाच थोडा सुकतो. फोटोत वय दिसतं.

"बरं. आता तुमी काढा," सुभेदार म्हणाले. "तुमी तर शिकल्याल्या हाय."

"मला येत नाही."

"येत न्हाई?"

"एका फोटोवरून कोणालाच येत नाही. म्हणून तर इतक्या पोरांचे काढतो, वर्षावर्षाने काढतो. खूप जणांचे एकत्र मांडले की कुठे बारीक फरक दिसतो. एकट्याच्या फोटोत तो धरता येत नाही."

मी त्या क्षणी वहीतलं पत्रकाचं पहिलं वाक्य खोडलं. 'मनाचा आजार मेंदूत असतो, तो फोटोत दिसतो, मग लाज कसली?' असं ते होतं. घोषणा म्हणून झकास होती.

मग कोमल बांधावरून खाली आली. "आप्पा, माझा फोटू असता, तर त्यात काय घावलं असतं?"

सुभेदारांनी सगळे फोटो गोळा केले, कडा जुळवून गठ्ठा केला, अनुराधाताईंच्या हातात दिला. चष्मा काढून खिशात ठेवला.

"बूट हायत का घरी?"

"हायत."

"मग अनवानी काय उभी हायस? घालून ये. पळ."

ती घराकडे जी सुटली, ती बघून एक जवान म्हणाला, की घड्याळ आत्ता लावायला पाहिजे होतं.

पण सांगलीला येणार की नाही, हे अजून ठरलं नव्हतं. ते तिने पळून आल्यावर ठरवलं, गुडघ्यांवर हात ठेवून, धापा टाकत. अनुराधाताईंना सरळ विचारलं, मला दादासारखं होणार का? आणि अनुराधाताईंनी सरळ सांगितलं. माहीत नाही. भावंडांना धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. बहुतेकांना काहीच होत नाही. फोटो बघून मी तुला सांगू शकत नाही. कधी काळी सांगता आलं, तर ते तुझ्यासारख्यांचे पुष्कळ फोटो जमल्यावर. तोवर तुला त्याचा उपयोग होईलच असंही नाही.

मला वाटलं, आता ही कशाला येते? इतकं खरं कोणी सांगतं का?

कोमल पाणी प्यायली. म्हणाली, "मग शिंक आली तर काय करायचं, ते आदी सांगा."

तासगाव

निघताना गाडीत सुभेदार बसलेले. काठी, मफलर, डबा. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. गावची पोर मशीनमध्ये जाणार आणि सोबत गावचं वडीलधारं कोणी नको, हे त्यांना पटणारं नव्हतं. संदीप होताच की, असं मी म्हटलं, तर संदीपच म्हणाला, की मला सोबत कोण? सातारा-सांगलीकडे दवाखान्यात एकटं कोणी जात नाही. आमच्याकडेही जात नाही, पण आमच्याकडची सोबत दवाखान्याबाहेर राजकारण बोलते. ही पुढच्या सीटवर ताठ बसून रस्ता तपासत होती.

तासगावात उतरलो ते बापूसाहेबांच्या बेदाण्याच्या शेडवर. बापूसाहेब द्राक्षबागायतदार, त्यांची दोन्ही मुलं अभ्यासात आहेत. हिरव्या जाळीखाली मजल्यामजल्यांवर द्राक्षं वाळत पडलेली, आणि त्या गोडसर वासात एका बाजूने काहीतरी झोंबणारं. ते काय आहे म्हणून मी एका बंद खोलीचं दार किलकिलं करून डोकं आत घातलं. बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, ही माहिती मला खोकत, रडत आणि रफीकभाईंच्या पाठीवर थापा खात मिळाली.

बागेत छाटणीची तयारी सुरू होती. अनुराधाताईंनी तिचाच दाखला दिला. लहानपणी मेंदू जोडण्या भरमसाट वाढवतो, वेलीसारख्या. मग वयात येताना नको त्या छाटतो, हव्या त्या ठेवतो. ही छाटणी विशीच्या पुढेही चालते. बापूसाहेबांनी बागायतदाराचा प्रश्न विचारला, "आन् जादा छाटली तर?"

तोच आमचाही प्रश्न आहे, त्या म्हणाल्या. काही आजारांत छाटणी जरा जास्त होत असावी असं काही संशोधकांना वाटतं. अजून खात्री नाही.

"मग माझ्याकडं आलेला गडी नवखा व्हता," संदीप म्हणाला. त्याने मूठभर बेदाणे घेतले, त्यातले अर्धे सुभेदारांच्या तळहातावर ठेवले. सुभेदार ते एकेक करून खात राहिले. वाटेत पुढे कितीतरी वेळ ते संदीपशी म्हशीच्या आजारपणांबद्दल बोलत होते. गावात मी त्यांना त्याच्याशी बोलताना पाहिलं नव्हतं.

सांगली

सांगलीत कृष्णेच्या घाटावर जाऊ, भडंग घेऊ, असे माझे बेत होते. पण गाडी थेट दवाखान्यात. तपासणीच्या खोलीबाहेर तंत्रज्ञ मुलगी प्रत्येकाला विचारत होती, अंगात कुठे धातू आहे का. कोमलने कानातलं, केसांच्या पिना, पायातलं पैंजण काढून संदीपकडे दिलं. तिच्यामागोमाग सुभेदार आत निघाले, सोबत म्हणून. मुलीने त्यांना तोच प्रश्न विचारला.

"पिंडरीत हाय," सुभेदार अभिमानाने म्हणाले. "सीमेवरच्या गोळ्याचा तुकडा. डॉक्टर काढतो म्हनला हुता, मी न्हाई म्हनलं."

पोटरीतल्या त्या लोखंडाच्या कपचीमुळे त्यांना उंबरठ्याच्या आत सोडता येणार नव्हतं. चुंबकाजवळ ती हलली तर आतून इजा व्हायची. तंत्रज्ञ मुलीने फार आदराने, पण स्पष्ट सांगितलं. तुम्हाला आत जाता येणार नाही, बाबा.

"म्हंजी आप्पा अनफिट," संदीप म्हणाला.

आम्ही सगळे सुभेदारांच्या मिशांकडे बघायला लागलो. मिशा थोडा वेळ स्थिर होत्या. मग एका बाजूने हलल्या. "गप बस गड्या," ते म्हणाले, आणि बाकावर जाऊन काठी गुडघ्यांत धरून बसले.

संदीपही मग बसला. काचेपलीकडे कोमल आत सरकली. ठोके सुरू झाले. भिंतीतून ते छातीत येतात. पडद्यावर हळूहळू करडं काहीतरी उमटायला लागलं. मी बघून काय कळणार? अक्रोडासारखं होतं. इतरांचं होतं तसंच. अनुराधाताई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या काचेतून तिच्या पायांकडे बघत होत्या. पाय हलत नव्हते. माइकवरून त्यांनी विचारलं, ठीक आहेस ना? तिने ठरल्याप्रमाणे हातातला रबरी फुगा दाबून नुसतं कळवलं. शिंक आली नाही. यंदा चित्रावर शिक्का मारायचा नाही, हे अनुराधाताईंनी तंत्रज्ञ मुलीला तेव्हाच सांगून टाकलं.

ठोके थांबले. कोमल बाहेर आली, केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. बाहेरच्या सगळ्या बाकांवर कोणा ना कोणाची सोबत बसलेली, आणि आतून येणाऱ्या प्रत्येकाला ती सोबत एकच प्रश्न विचारत होती, काय निघालं? सुभेदार काठी टेकून उठले.

"काय निघा..." त्यांनी सुरू केलं.

ते तिथंच थांबले. गळ्यातला मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. संदीप त्यांच्याकडे बघत होता, मीही बघत होते.

"भूक लागली असंल न्हवं?" सुभेदार म्हणाले.

"लय," कोमल म्हणाली.